यकृत राखण्याची कथा

यंदा आपल्या मंडळास चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठी मी लेख द्यावा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. तेव्हा बेलापूरच्या किल्ल्यावर किंवा खाडीकाठच्या जुन्या गावांवर चार पाने लिहून द्यावीत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मीही ‘बरे’ म्हटले. परंतु लिहावयास बसले तो मनात दुसराच इतिहास घोळू लागला. तो राजांचा नाही आणि किल्ल्यांचाही नाही. माणसाचे यकृत शरीराबाहेर काही तास जिवंत कसे राखावे, ह्या एका प्रश्नाचा तो इतिहास आहे. विषय ऐकून चिटणीसबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “लिहा. पण आम्हांला समजेल असे लिहा.” त्यांचा शब्द पाळण्याचा हा प्रयत्न.

ह्या विषयाशी माझा संबंध कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे. मंडळातील जुन्या भगिनींना ते ठाऊक आहे, नव्यांना नसेल. २००९ सालच्या पावसाळ्यात शीव-पनवेल रस्त्यावर आमच्या ह्यांच्या स्कूटरला अपघात झाला. डोक्याला जबर मार बसला होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचे सांगितले. यंत्रामुळे छाती वरखाली होत होती, हात हाताला ऊन लागत होता, आणि तरीही माणूस गेलेला होता. इस्पितळातील एक तरुण मुलगी जवळ येऊन बसली आणि अवयवदानाविषयी हळू आवाजात बोलली. ह्यांनी एकदा जेवताना सहज म्हटले होते, “मी गेल्यावर माझं जे उपयोगी पडेल ते देऊन टाका.” ते मला त्या वेळी आठवले. सासूबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “तो म्हणाला होता ना? मग दे.” मी सही केली.

दोन मूत्रपिंडे दोन माणसांस मिळाली. डोळे नेत्रपेढीत गेले. यकृत मात्र घेतले गेले नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी ते प्रत्यक्ष पाहिल्यावर, ते रोपणास योग्य नाही असे ठरले. कारण एका वाक्यात सांगण्यात आले, “चरबी फार आहे.” अधिक विचारण्याचे भान मला नव्हते, आणि त्या रात्री समजावून सांगण्यास कोणाला सवडही नव्हती.

तेराव्याला आलेल्या एका नात्यातल्या बाई स्वयंपाकघरात दुसरीला म्हणाल्या, “लिव्हर घेतलं नाही म्हणे. मग बाहेर घेत असतील थोडी.” सुपारीच्या खांडाचेही व्यसन नसलेला हा माणूस! गोडाचे मात्र वेड होते, पोट सुटलेले होते, आणि मधुमेह आठ वर्षांचा होता. सासूबाईंनी ते बोलणे ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढे दोन वर्षे, निजावयाच्या वेळी त्या मधूनच विचारीत, “अगं, त्याचं काळीज का नाही घेतलं गं?” आपल्या भाषेत ‘काळीज’ हा शब्द हृदयालाही लागतो आणि यकृतालाही, म्हणून तो प्रश्न मला दोन्ही बाजूंनी लागे. मजजवळ उत्तर नव्हते. २०११ साली सासूबाई गेल्या. उत्तर न मिळताच गेल्या.

ते उत्तर शोधता शोधता मी जे वाचले, माझ्या धाकट्या जावेकडून, जी परिचारिका आहे, जे समजावून घेतले, ते पुढे देत आहे.

टिकविण्याची विद्या आपल्या घरचीच आहे. मंडळाच्या लोणची-पापड विभागात आपण दरवर्षी कैरीला मीठ लावतो, मुरांब्याला पाक करतो, सांडगे उन्हात वाळवितो. पण ह्या सर्व युक्त्या मेलेल्या पदार्थास टिकविण्याच्या आहेत. मीठ, साखर आणि ऊन ह्यांचे काम सडणे थांबविणे. यकृताचे तसे नाही. ते टिकवावयाचे म्हणजे जिवंत टिकवावयाचे. दुसऱ्याच्या पोटात बसविल्यावर त्याने त्याच घटकेपासून कामाला लागले पाहिजे. म्हणून मीठ-साखरेने भागत नाही. राहता राहिली थंडी.

थंडीने पदार्थ टिकतो हे सर्वांना ठाऊक होते, पण आपल्याकडे थंडी आणावयाची कोठून? ह्याचीही एक मौजेची हकीकत आहे. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून एका जहाजाने तळ्यांवरचा बर्फ भुशात गुंडाळून कलकत्त्यास आणला. निघताना तो १८० टन होता. चार महिन्यांनी पोहोचला तेव्हा सुमारे १०० टन उरला होता. लवकरच मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला, आणि कोटात अपोलो बंदराच्या बाजूस त्यासाठी खास बर्फघर बांधले गेले. ज्या शहराला एके काळी थंडी परदेशातून विकत आणावी लागे, त्याच शहरात पुढे माणसाचे अवयव बर्फाच्या पेटीतून धावू लागले.

परंतु बर्फाआधी सुईदोऱ्याची गोष्ट येते, आणि ती आपल्या शिवणवर्गाने अवश्य वाचावी. १८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो ह्यांच्यावर ल्यों शहरात सुरीहल्ला झाला. घाव यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला लागला होता. शहरात नामांकित शस्त्रवैद्य होते. पण तुटलेली शीर शिवून जोडण्याची विद्या तेव्हा कोणालाच अवगत नव्हती. अध्यक्ष त्याच रात्री वारले. ही गोष्ट अलेक्सिस कारेल नावाच्या तरुणाच्या मनाला लागून राहिली. त्याने ल्योंमधील एका कसबी भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन बारीक सुई आणि रेशमी धागा हाताळण्याचे धडे घेतले, असे सांगतात. पुढे त्याने रक्तवाहिन्या जोडण्याची रीत बसविली, आणि १९१२ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगात कोठेही अवयव बसवितात तेव्हा त्या टाक्यांचे मूळ एका बाईच्या भरतकामात आहे. ह्या कारेलची माणसांच्या वंशाविषयीची मते पुढे फार निंद्य निघाली, हेही इतिहासाने लपवू नये. हाताची विद्या मोठी म्हणून मनही मोठे असतेच असे नाही.

ह्याच कारेलला १९३० साली एक विलक्षण साथीदार मिळाला. एकट्याने विमानातून अटलांटिक महासागर ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग तो हाच. त्याच्या मेहुणीचे हृदय आजारी होते. हृदय थांबवून त्यावर शस्त्रक्रिया का करता येत नाही, हा प्रश्न तो डॉक्टरांना विचारीत सुटला, आणि त्या विचारपुशीतून कारेलच्या प्रयोगशाळेत पोहोचला. दोघांनी मिळून काचेचा एक पंप तयार केला. शरीराबाहेर काढलेल्या अवयवातून पोषक द्रव सतत फिरता ठेवावयाचा, ही त्याची कल्पना. १९३५ साली त्यांनी मांजराची कंठग्रंथी ह्या पंपावर कित्येक दिवस जिवंत ठेवली. मेहुणी त्याआधीच वारली होती. आपल्या माणसासाठी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुसऱ्याच्याच उपयोगी पडते, हे मला ह्या हकीकतीत प्रथम जाणवले.

काचेचा पंप मात्र मागे पडला. तो फार नाजूक होता, आणि त्यावर ठेवलेला अवयव बसवावा कोणाला, हा प्रश्न त्या काळी सुटलेला नव्हता. यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल ह्यांनी केला. रोगी एक लहान मूल होते. ते शस्त्रक्रियेच्या मेजावरच गेले. त्यानंतरच्या रोग्यांपैकी कोणीही महिनाभर जगले नाही. स्टार्झल ह्यांनी हात आवरता घेतला, प्रयोगशाळेत जाऊन पुन्हा अभ्यास केला, आणि १९६७ साली त्यांनी यकृत बसविलेली एक चिमुरडी वर्षाहून अधिक काळ जगली. पुढल्याच वर्षी इंग्लंडात केंब्रिजला डॉ. रॉय काल्न ह्यांनी हे काम सुरू केले. आपली मुंबईही ह्या धडपडीत मागे नव्हती. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसविण्याचा प्रयत्न झाला, आणि १९६८ च्या फेब्रुवारीत तेथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी हृदयरोपण केले. तो रोगी वाचला नाही. पण हे धाडस आपल्या शहरात झाले होते, हे आपल्यापैकी कितीजणींस ठाऊक असेल?

आता यकृत काढून दुसऱ्या गावी न्यावयाचे तर वाटेत काय करावयाचे? उत्तर साधे होते: ते थंड द्रवाने धुवावे, पिशवीत घालावे आणि बर्फाच्या पेटीत ठेवावे. ४ अंश उष्णतेवर यकृताची भूक एरवीच्या एक-दशांशाच्या आसपास उतरते. ते जणू झोपी जाते. पण ही झोप फार सुखाची नसते. प्रत्येक पेशीच्या दाराशी मीठ आणि पाणी ह्यांचा हिशेब ठेवणारा एक पहारेकरी असतो; थंडीत तो काम थांबवितो. मग पाणी आत शिरते, आणि भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या पेशी फुगू लागतात. सहा-आठ तासांपलीकडे यकृत ठेवणे म्हणूनच धोक्याचे असे. एकीकडे यकृत काढले जात आहे, दुसरीकडे मध्यरात्री रोग्याला मेजावर घेतले आहे, आणि मध्ये माणसे पेटी घेऊन पळत आहेत, असा तो काळ होता.

ह्यावर तोड काढली ती अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॉ. फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड ह्यांनी. १९८७-८८ च्या सुमारास त्यांनी एक नवा द्रव तयार केला. त्यातील जिनसा पाहून मला आपल्या कोठीघराची आठवण झाली. दुधातल्या साखरेपासून केलेला एक पदार्थ, कडधान्यांत असते ती रॅफिनोज नावाची साखर, आणि पिठुळ पदार्थापासून केलेला एक दाट घटक, अशी ती यादी आहे. ह्यांचे कण मोठे असल्यामुळे ते पेशीत शिरत नाहीत आणि पाण्यालाही आत शिरू देत नाहीत. हरभरा भिजतो, पण फुगत नाही, असेच म्हणा. ह्या द्रवामुळे यकृत बारा तास, आणि प्रसंगी चोवीस तासांपर्यंतही राखता येऊ लागले. मध्यरात्रीची शस्त्रक्रिया सकाळी करता येऊ लागली. लांबच्या गावचे यकृतही आणता येऊ लागले. त्याआधी थोडीच वर्षे सायक्लोस्पोरिन हे औषध आले होते, ज्यामुळे शरीर परका अवयव नाकारीनासे झाले. ह्या दोन गोष्टींनी यकृतरोपण हा प्रयोग न राहता उपचार झाला.

आपल्या देशात मात्र कायद्याची अडचण होती. मेंदूचा मृत्यू म्हणजे मृत्यू, हे कायद्याने मानल्याशिवाय धडधडत्या हृदयाच्या माणसाचे यकृत घेता येत नाही. तो कायदा १९९४ साली झाला, आणि महाराष्ट्र त्याच्या अगदी पहिल्या राज्यांत होता. त्यानुसार चार डॉक्टरांनी, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून, मेंदू मृत असल्याचे लिहून द्यावे लागते. ते डॉक्टर रोपण करणाऱ्यांपैकी असता कामा नयेत. मुंबईत ह्या कार्याची घडी बसविणाऱ्यांत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. वत्सला त्रिवेदी ह्यांचे नाव आदराने घेतले जाते. दान मिळालेला अवयव कोणाला द्यावयाचा, हे मुंबईचे समन्वय केंद्र प्रतीक्षायादी पाहून ठरविते. आपली नवी मुंबईही त्याच केंद्राकडे जोडलेली आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात बसविले, तेव्हा पोलिसांनी मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याची हकीकत सर्वांनी वाचली. तेव्हापासून आपणही रस्त्यावर रुग्णवाहिका दिसली की विचारतो, आत कोणाचे काय चालले असेल?

आता माझ्या प्रश्नाकडे येते. चरबी असलेले यकृत का घेत नाहीत?

दोन कारणे आहेत. पहिले असे, की चरबीने भरलेल्या पेशी ती थंडीची झोप सोसू शकत नाहीत. बर्फातून काढून पुन्हा ऊन रक्त सोडले की त्यांना मोठी इजा होते, आणि असे यकृत रोग्याच्या पोटात गेल्यावर कामाला लागेलच ह्याची शाश्वती राहत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. झोपलेल्या यकृताची परीक्षा घेता येत नाही. बर्फाच्या पेटीतले यकृत रंगाने, स्पर्शाने आणि फार तर एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पारखावयाचे. शंका आली तर डॉक्टर ते नाकारणार. कारण चूक झाली तर ती एका जिवंत माणसाच्या पोटात होणार. त्या रात्री ज्यांनी नकार दिला त्यांनी एका अनोळखी रोग्याला वाचविलेच, हे मला आता कळते.

आणि चरबी म्हणजे दारू, हा आपला समज तर निखालस खोटा आहे. मधुमेह, वाढलेले पोट, गोड-तळलेले खाणे आणि बैठे काम ह्यांनीही यकृतात चरबी साचते. थेंबही न घेणाऱ्या माणसांत, बायकांत, हल्ली तर मुलांतही ती आढळते. त्या बाईंवर माझा आता राग नाही. परंतु हे वाक्य मी मुद्दाम ह्या स्मरणिकेत छापवून घेत आहे.

बर्फाचा मार्ग असा अडला, तेव्हा लोक पुन्हा कारेल आणि लिंडबर्ग ह्यांच्या पंपाकडे वळले. यकृताला झोपवावयाचेच कशाला? ते जागे ठेवू, असा विचार इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे शल्यविशारद पीटर फ्रेंड आणि अभियंते कॉन्स्टँटिन कूसिओस ह्यांनी केला. त्यांच्या यंत्रात यकृत ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेवर असते. त्यातून रक्त फिरते, प्राणवायू मिळतो, साखर मिळते, आणि ते यकृत पेटीत बसल्या जागी पित्त तयार करू लागते. २०१३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात अशा तऱ्हेने राखलेले यकृत प्रथमच माणसास बसविले. २०१८ साली २२० रोपणांची तुलना प्रसिद्ध झाली. बर्फात ठेवलेल्या यकृतांपेक्षा उबदार यंत्रावरील यकृतांना इजा निम्मी झाली होती, टाकून द्याव्या लागणाऱ्या यकृतांचे प्रमाणही निम्म्यावर आले होते, आणि राखण्याचा काळ मात्र दीडपटीने वाढला होता. रोग्यांच्या आयुर्मानात त्या तुलनेत फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

पुढचा प्रयोग माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा. बर्मिंगहॅम येथे ३१ अशी यकृते घेतली, जी त्या देशातील प्रत्येक केंद्राने नाकारली होती. ती उबदार यंत्रावर ठेवली आणि काही तास त्यांची परीक्षा घेतली. रक्तातील आम्ल ती साफ करतात का, पित्त येते का, साखर वापरतात का, हे पाहिले. ३१ पैकी २२ यकृते उत्तीर्ण झाली आणि माणसांना बसविली. तीन महिन्यांनी ते २२ ही रोगी हयात होते. २०२० साली हे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी चौघांना पुढे पित्तनलिका आकसल्यामुळे यकृत पुन्हा बदलावे लागले. म्हणजे विद्या पूर्ण झाली असे नव्हे. पण ‘नापास’ ठरविलेल्यांची फेरपरीक्षा घेता येते, हे सिद्ध झाले. आणि ह्या कामात ज्यांचा मोठा वाटा, त्या डॉ. डेरियस मिर्झा ह्यांनी आपल्या बेलापूरला २०१६ साली सुरू झालेल्या अपोलो रुग्णालयातील यकृतरोपणाचेही नेतृत्व केले आहे. मी बर्मिंगहॅमचे टिपण वाचीत होते आणि धागा आपल्या पामबीच रस्त्याच्या टोकाशी येऊन पोहोचला, तेव्हा मला क्षणभर पुस्तक मिटून ठेवावे लागले.

थंडीची वाटही बंद पडलेली नाही. नेदरलंडमधील ग्रोनिंगन येथे यकृत थंडच ठेवून, पण शेवटचे दोन तास त्यातून प्राणवायूयुक्त द्रव फिरवून पाहिला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात पित्तनलिका आकसण्याचे प्रमाण शेकडा १८ वरून शेकडा ६ वर आले. त्याच वर्षी मे महिन्यात झुरिक येथे तीन दिवस यंत्रावर राखलेले, अन्य केंद्रांनी नाकारलेले यकृत एका रोग्यास बसविले. वर्षाने तो सुखरूप होता. बोस्टनच्या संशोधकांनी २०१९ साली मानवी यकृत शून्याखाली ४ अंशांवर, आत बर्फाचा एकही कण होऊ न देता, २७ तास राखले. ती यकृते मात्र कोणास बसविली नव्हती. मिनेसोटा येथे तर उंदरांची मूत्रपिंडे काचेसारखी गोठवून शंभर दिवस ठेवली आणि पुन्हा उंदरांत बसवून चालविली. ते वर्ष २०२३. माणसापर्यंत ही विद्या येण्यास अवकाश आहे.

भगिनींनो, कोणी म्हणेल, ही यंत्रे महाग, परदेशातील; आपल्या मंडळाला त्यांचे काय? उबदार यंत्रे भारतातील काही मोजक्या रुग्णालयांत आली आहेत, आणि खर्च मोठा आहे, हे खरे. परंतु आपणां बायकांचा ह्याच्याशी अगदी जवळचा संबंध आहे. आपल्या देशात मृत्यूनंतरचे दान इतके थोडे, की यकृतरोपणे बहुतेक जिवंत माणसाच्या यकृताचा भाग कापून करावी लागतात. २०२३ साली भारतात मृत्यूनंतर अवयव दिलेले दाते अवघे १,०९९ होते. त्याच वर्षी जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देणारे १५,४०० हून अधिक; आणि त्यांपैकी ९,७८४ स्त्रिया होत्या. म्हणजे शंभरांत ६३. अवयव मिळालेल्यांत मात्र स्त्रिया साधारण तीनांत एकही भरत नाहीत.

ह्या आकड्यांत प्रेम आहे, ह्यात शंका नाही. आपल्या लेकरासाठी यकृत देणाऱ्या आईला मी नमस्कारच करीन. यकृत पुन्हा वाढते, बहुतेक दात्या बऱ्या होतात, हेही खरे. पण जोखीम थोडी असली तरी खरी असते. आणि घरात विचार सुरू झाला की, ‘तो कमावता आहे, त्याला नको, तू घरीच असतेस, तू दे,’ असे न बोलता ठरून जाते, हे आपण सगळ्या जाणतो. मृत्यूनंतर मिळालेले प्रत्येक यकृत, जे पूर्वी टाकावे लागे ते यंत्रामुळे वापरता आले, की कोठेतरी एका बायकोची, एका आईची, एका बहिणीची शस्त्रक्रिया टळते. म्हणून ह्या यंत्रांचा इतिहास मला बायकांचाही इतिहास वाटतो.

ह्यांचे यकृत आज असते, तर ते कोणाला बसले असते का? तसे मी म्हणणार नाही. चरबी फार असलेली यकृते उबदार यंत्रावरही सगळी उत्तीर्ण होत नाहीत. त्यांतील चरबी यंत्रावरच कमी करण्याचे प्रयोग अजून चालू आहेत. पण त्याची परीक्षा तरी झाली असती. काही तास ते पुन्हा उबेत राहिले असते, त्याने पित्त दिले असते किंवा दिले नसते, आणि मग जो काही निकाल लागला असता तो आम्ही मानला असता. सासूबाईंना सांगावयास मजजवळ एक संपूर्ण वाक्य असते. आता ते मी असे जुळविले आहे: “सासूबाई, त्यांचं काळीज वाईट नव्हतं. ते राखण्याची विद्या तेव्हा आपल्यापाशी नव्हती.”

शेवटी दोन लहान सूचना करते. एक अशी, की हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर, किंवा एखाद्या मासिक सभेत, अवयवदानाच्या संकल्पाचा नमुना ७ क्रमांकाचा अर्ज आपण वाटावा. मात्र अर्ज भरला म्हणजे झाले असे समजू नये. त्या वेळी घरच्यांची संमती लागतेच. म्हणून आपली इच्छा घरात, जेवताना, सर्वांच्या कानांवर घालून ठेवावी. ह्यांनी ती घातली होती, म्हणूनच मला सही करता आली. दुसरी सूचना आपल्या पाककृती विभागास. पुढील वर्षी गोडाच्या चार कृती कमी करून चालण्याचा एक वर्ग सुरू करावा. यकृत दुसऱ्याला देण्याजोगे राहिले, तर ते आधी आपल्यालाच उपयोगी पडेल.

बेलापूरच्या किल्ल्यावरचा लेख चिटणीसबाईंना पुढल्या वर्षी देईन.